नकाशा सरकारकडे, गट नंबर आपल्याकडे



कारध्याच्या पुलाखाली गोसीखुर्दचे फुगलेले पाणी पाहिले की विकासाला जमीन कुणाची लागते हे वेगळे सांगावे लागत नाही. आता जंगलाची रेषाही शेताच्या बांधाला येऊन भिडली आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ चे, कोका २०१३ चे. वाघाशी आपले भांडण नाही. (रानडुकराशी आहे, आणि ते राहणार.) भांडण नकाशा कुणाच्या हातात आहे याचे आहे.

कारखानदाराचे पाहा. २०१८ पासून 'परिवेश' नावाची सरकारी संगणक व्यवस्था आहे. प्रकल्पाची हद्द तिच्यात भरली की अभयारण्य किती दूर, हे परवानगीच्या टेबलावर कळते. खाण कुठे घ्यायची, कुठे टाळायची, हे त्याला जमिनीत पैसा अडकवण्याआधी ठरवता येते. चांगली गोष्ट आहे. मग शेतकऱ्याने काय पाप केले?

अभयारण्याभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील पट्ट्याचा मसुदा केंद्राच्या राजपत्रात निघतो, तो हिंदी-इंग्रजीत. हरकतीला ६० दिवस. हद्द बहुधा अक्षांश-रेखांशात, सोबत गावांची नावे. आपला व्यवहार मात्र गट नंबरावर चालतो! शेतीला त्या पट्ट्यात बंदी नाही, पण झाड तोडणे, बांधकाम यांवर बंधने येतात. ३ जून २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने अशा पट्ट्याला किमान एक किलोमीटरची अट घातली. २६ एप्रिल २०२३ ला त्याच न्यायालयाने ती सरसकट अट सैल केली. मधल्या दहा-अकरा महिन्यांत आपला कोणता गट आत होता, हे गावाला कुणी सांगितले?

पेंचमध्ये महामार्गाखालून ९ ठिकाणी जनावरांसाठी वाट काढली. त्यासाठी आधी कोर्टकज्जे झाले, जनावरांच्या येण्याजाण्याचा अभ्यास झाला. वाघाची वाट नकाशावर आली. आपली पांदण कधी येणार? पऱ्हाटी-ज्वारीत रोही कुठून घुसतात, हे बांधावरच्या माणसाइतके कुणाला ठाऊक आहे? त्याला विचारून नकाशा केला तर रस्त्याचाही खर्च वाचेल आणि कुंपणाचाही.

मागणी एकच. रस्ता, कालवा, खाण, वसाहत, काहीही आखण्याआधी संरक्षित क्षेत्राचा नकाशा गट नंबरासह, मराठीत, ग्रामपंचायतीत लावा. ग्रामसभेत तो वाचून दाखवा. हरकतीचे ६० दिवस त्या दिवसापासून मोजा.

भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढा. पुढच्या बैठकीला ती आणि सातबारा घेऊन या. गटांवर रेषा आपणच मारू आणि तो कागद जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवू.