सिंधूचा जबाब

‘एकच प्याला’ला कलाटणी कुठे मिळते असं विचारलं, की नाटकवेडा माणूस लगेच पहिल्या अंकाकडे बोट दाखवतो. हुशार वकील सुधाकर, कोर्टात झालेला अपमान, काही काळासाठी गेलेली सनद आणि तळीरामाने पुढे केलेला तो पहिला प्याला. राम गणेश गडकऱ्यांनी हा प्रसंग ताकदीने उभा केला आहे. तो नसता तर पुढची घसरण आपल्याला पटलीच नसती. माझं भांडण वेगळं आहे. या प्रसंगामुळे प्रेक्षकाच्या मनात एकच प्रश्न पक्का बसतो, बिचारा प्यायला का लागला? दारुड्या नवऱ्याने मारलेल्या बाईबरोबर मी चौकीत जाते तेव्हा तिथेही हेच विचारतात, ‘नोकरीबिकरी गेली काय त्याची?’ कशाने मारलं, किती वेळा मारलं, हे नंतर.

बाईच्या बाजूने पाहिलं तर खरी कलाटणी शेवटच्या अंकात आहे. दारूच्या धुंदीत सुधाकरच्या हातून तान्हं मूल गेलेलं आहे, सिंधू स्वतः मरणाच्या दारात आहे आणि पोलीस आले आहेत. तोवर सगळं तिच्यावर नुसतं कोसळत आलेलं. आता प्रथमच तिच्या शब्दाला वजन आहे, कारण सुधाकरचं काय व्हायचं ते त्या शब्दावर ठरणार. आणि ती खोटं सांगून नवऱ्याला वाचवते.

गडकरी गेल्यावर महिन्याभरात, फेब्रुवारी 1919 मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणलं. सिंधू झाले बालगंधर्व. पुरुषाने लिहिलेली, पुरुषानेच साकारलेली ही पतिव्रता आपल्या आज्या-पणज्यांनी डोळे पुसत आदर्श म्हणून घरी नेली. तळीरामाची बायको गीता नवऱ्याला तोंडावर सुनावते, पण तिला कुणी घरी नेलं नाही. (मला तीच आवडते.)

सिंधूला तेव्हा दुसरं काय करता आलं असतं, असं कुणी विचारेल. रास्त आहे. तिच्यापाशी कायदा नव्हता. आपल्याकडे 1983 साली 498अ आलं, जे 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 85 झालं. 2005 च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याने राहत्या घरात राहण्याचा हक्कही दिला. तरी जबाब बदललेला नाही. ‘पडले’, ‘मोरीत पाय घसरला’, ‘स्टोव्ह भडकला’.

तुर्भ्याच्या एका वस्तीत बचत गटाच्या बैठकीनंतर मी नाटकाचा शेवट गोष्टीसारखा सांगितला. वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह तिथून फार लांब नाही, पण त्यांतली एकही बाई कधी आत गेलेली नव्हती. मला वाटलं, रडतील. एकजण म्हणाली, ‘बरोबर केलं तिनं. तो आत गेला असता तर लोकांनी हिलाच नावं ठेवली असती.’ तेवढ्यात मागून दुसरी बोलली, ‘अगं, पोरगं मेलं की तिचं! त्याचा जबाब कुणी द्यायचा?’ मग कितीतरी वेळ कुणी बोललंच नाही. एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत मला हा प्रश्न सुचला नव्हता.

सुचला असता तर एका इस्पितळातल्या कागदावर मी स्वतः ‘जिन्यावरून पडून जखम’ असं लिहिलं नसतं. बाई बैठ्या चाळीत राहत होती, तिथे जिना नव्हता. मला ते ठाऊक होतं. पण नवरा उशाशी उभा होता, सासू पाणी पाजत होती, आणि ती माझ्याकडे न बघता बोलत होती. मी लिहून घेतलं आणि पुढच्या खाटेकडे गेले.

बैठकीनंतर दोन दिवसांनी मी त्या इस्पितळात परत गेले. या वेळी नवऱ्याला औषधाच्या दुकानात पाठवलं आणि सासूला बाहेरच्या बाकावर बसवलं. तिला म्हटलं, ‘तुमच्या घराला जिना कुठे आहे, ते सांगा.’ ती बराच वेळ पंख्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘ताई, आधी दार लावून घ्या.’