मजुरीतून कापलेला पैसा तिच्या नावावर पोहोचू द्या

मा. क्षेत्रीय भविष्य निर्वाह निधी आयुक्त,
नागपूर यांस,



भंडारा जिल्ह्यातल्या बिडी वळणाऱ्या बायकांसाठी हे पत्र लिहितो आहे. मांडीवर सूप घेऊन ज्यांचे उभे आयुष्य गेले, त्यांतल्या कित्येक जणी आता साठीच्या पुढे आहेत. कंबर धरली आहे, डोळे अधू झाले आहेत, मुले कामासाठी नागपूर-पुण्याकडे गेली आहेत. म्हातारपणी यांचे दुखणेखुपणे कोण काढणार, या प्रश्नाला आपल्याकडे सरकारी उत्तर जवळपास एकच आहे: त्यांच्याच मजुरीतून कापलेला पीएफ आणि त्याला जोडलेली पेन्शन.

हा हक्क त्यांना सहज मिळालेला नाही. भविष्य निर्वाह निधीचा कायदा बिडी उद्योगाला 1977 साली लागू झाला. घरी बसून वळणारी बाई आमची कामगारच नव्हे, असे म्हणत मालक न्यायालयात गेले. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पी. एम. पटेल अँड सन्स या प्रकरणात निकाल दिला की घरी बिड्या वळणारीही कामगारच आहे आणि पीएफ तिचाही हक्क आहे. ठेकेदार मध्ये असला तरी जबाबदारी मूळ मालकाचीच राहते.

बिडी उद्योगात पीएफ कपातीचा दर बहुतेक उद्योगांसारखा 12 टक्के नाही, 10 टक्के आहे. महिन्याची मजुरी 4,000 रुपये धरली तर 400 रुपये बाईचे कापले जातात आणि 400 मालकाने घालायचे असतात. मालकाच्या वाट्यातले सुमारे 333 रुपये पेन्शन योजनेत जातात. ही रक्कम पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत भरायची असते. मालकाचा वाटा कोणत्याही नावाखाली मजुरीतून वळता करता येत नाही. एखाद्या महिन्याची कपात करायची राहून गेली, तर ती पुढे बाईच्या मजुरीतून मनमानीपणे वसूलही करता येत नाही. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी तरतूद ही, की कापलेली रक्कम मालकाच्या हाती फक्त विश्वासाने सोपवलेली असते. कापून न भरणे हा फौजदारी विश्वासघात आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही या गुन्ह्याला तुरुंगवास ठेवला आहे.

जगातही हीच रीत आहे. जर्मनीत 1995 पासून वृद्धांच्या शुश्रूषेसाठी सक्तीचा विमा आहे आणि त्याचा भार कामगार व मालक वाटून घेतात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने जुलै 2023 पासून दीर्घकालीन शुश्रूषेसाठी पगारातून 0.58 टक्के कपात सुरू केली. कापणे, हिशेब देणे आणि वेळेत भरणे हे काम तिथेही मालकाचेच.

आपल्याकडे कायदा सरस आहे, पण त्याचा भार बाईच्या अंगावर येऊन पडतो. ठेकेदाराच्या वहीत नाव 'कौसल्याबाई', आधारवर 'कौशल्या'. वहीत माहेरचे आडनाव, बँकेत सासरचे. जन्मतारीख तर कुणीतरी अंदाजाने टाकलेली. नोंद मालकाकडून चुकते आणि ती दुरुस्त करायला सत्तरीची बाई एसटीने नागपूरला जाते, एक दिवसाची मजुरी बुडवून. तंबाखूने आणि पानाने बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यामुळे हयातीच्या दाखल्यासाठी यंत्रावर ठसा उमटत नाही. ज्या कामाने बोटे झिजली, त्याच कामाची पेन्शन त्या बोटांमुळे अडावी, हा अन्याय आहे.

दहा वर्षांची नोकरी भरली तरच मासिक पेन्शन लागू होते. म्हणून मध्येच काही महिन्यांचा भरणा झाला नाही, तर नुकसान केवळ त्या महिन्यांचे राहत नाही, आयुष्यभराची पेन्शन जाऊ शकते. किमान पेन्शन 1,000 रुपये आहे, सप्टेंबर 2014 पासून. एवढ्यात औषधे तरी येतात का, हे कुणी सांगायला नको. ती वाढवणे आपल्या हातात नाही, हे मला ठाऊक आहे. ती मागणी दिल्लीत मांडायची आहे. पण पुढच्या गोष्टी नागपुरातून होऊ शकतात.

'निधी आपके निकट' हे शिबिर जानेवारी 2023 पासून दर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत भरते. भंडाऱ्यातले शिबिर आळीपाळीने पवनी, लाखांदूर, साकोली, तुमसरला बाजाराच्या दिवशी भरवा आणि आधी गावात दवंडी द्यायला सांगा. शिबिरात बिडी कारखान्याचा माणूस मूळ वह्या घेऊन हजर राहील, असा लेखी आदेश काढा. नावाची, तारखेची चूक मालकाच्या वहीत असेल तर दुरुस्तीचा अर्ज मालकाने भरावा, बाईला फेरी पडू नये. ठसा उमटत नसेल तिथे चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय गावातच द्या. आणि प्रत्येकीच्या नावावर गेल्या वर्षी किती रक्कम जमा झाली, याचा मराठीतला एक कागद तिच्या हाती पडू द्या. ज्या महिन्याचा रकाना रिकामा असेल, त्याची चौकशी आपल्या कार्यालयाने आपणहून सुरू करावी.

पहिले शिबिर पवनीत घ्या. वह्या आणि कागदपत्रे घेऊन बायकांना तिथे आणण्याची जबाबदारी आम्ही गावकरी घेतो.

आपला,
पवनी तालुक्यातील एक नागरिक