गोठविलेल्या वीर्याची नोंद कोणीं ठेवावयाची ?

महसुली दप्तरांत ज्याचीं तीस वर्षें गेलीं अशा कारकुनानें गुरांच्या पैदाशीविषयीं लिहावें, हें कांहीं वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु पेन्शन घेतल्यापासून माझ्या दावणीला दोन गाई आहेत, आणि त्यांच्यापायीं मला जो अनुभव आला तो गुरांचा कमी व दप्तराचाच अधिक आहे. म्हणून ही लेखणी उचलली.

गोठविलेल्या वीर्याचा उपयोग आतां शेतकरी बांधवांस नवा राहिलेला नाहीं. तरी त्याची हकीकत थोडक्यांत सांगतों, कारण तींत एक गंमत आहे. लंडनच्या मिल हिल भागांत पोल्ज, स्मिथ व पार्क्स हे शास्त्रज्ञ कोंबड्याचें वीर्य गोठवून जिवंत ठेवण्याच्या खटपटींत होते. साखरेच्या द्रावणानें तें साधेना. पुढें ठेवणींतल्या एका बाटलीच्या द्रावणानें तें एकाएकीं साधलें. तपास करितां असें दिसून आलें कीं, बाटलीवरची चिठ्ठी चुकीची होती. आंत साखर नव्हतीच, ग्लिसरीन व अंड्याचा पांढरा बलक होता. १९४९ सालीं हा शोध प्रसिद्ध झाला, आणि दोनच वर्षांत गोठविलेल्या वीर्यापासून इंग्लंडांत वासरूं जन्मलें. चुकीच्या चिठ्ठीनें जगाचें कल्याण झाल्याचें हें एकच उदाहरण मला ठाऊक आहे. आमच्या कचेरींत तरी अशा चिठ्ठीनें कोणाचें ना कोणाचें घर बुडत असे.

आजची रीत अशी : वळूचें वीर्य तपासून, अंड्याचा पिवळा बलक, ग्लिसरीन वगैरे घातलेल्या द्रावणांत तें पातळ करितात, पाव मिलिलिटरच्या कांड्यांत भरितात, व द्रवरूप नायट्रोजनांत म्हणजे शून्याखालीं १९६ अंशांवर बुडवून ठेवितात. एका कांडींत सुमारें दोन कोटी शुक्राणू असतात. या थंडींत काळच थांबतो म्हणाना. ऑस्ट्रेलियांत १९६८ सालीं गोठविलेलें मेरिनो मेंढ्याचें वीर्य पन्नास वर्षांनीं ५६ मेंढ्यांस दिलें, तेव्हां ३४ गाभण राहिल्या, असें सिडनी विद्यापीठानें २०१९ सालीं जाहीर केलें.

परंतु हें सारें टाकींत नायट्रोजन आहे तोंपर्यंत. तो सदैव उडून जात असतो. टाकी वेळेवर भरली नाहीं, किंवा कांडी शोधतांना आंतली डबी गळ्याबाहेर उचलून धरिली, तर वीर्य मरतें. आणि मेलेली कांडी दिसण्यांत जिवंत कांडीसारखीच असते. फाटका दस्तऐवज निदान फाटका दिसतो, हिचें तसें नाहीं.

माझी खिलार गाय तीन वेळां भरविली व तिन्ही वेळां उलटली. एकवीस दिवसांच्या हिशेबानें दोन महिने गेले, आणि पुढचें वेतही तितकेंच मागें पडलें. दोष गाईचा, असें मला सांगण्यांत आलें. ती विकून टाकण्याचा सल्लाही मिळाला. चौथ्या खेपेस दुसऱ्या ठिकाणचा मनुष्य आणिला, व गाय पहिल्याच कांडीला राहिली. मागाहून मीं पहिल्या माणसाची टाकी पाहण्यास मागितली. पट्टी आंत बुडवून काढली तों टोकालाच काय तें दंव धरलेलें. शेवटची भरणी कधीं झाली तें सांगतां येईना, कारण तें लिहून ठेविलेलेंच नव्हतें. माझी गाय त्या टाकीमुळेंच उलटली असें मी शपथेवर सांगणार नाहीं. आणि अनेक गांवें एकट्यानें फिरणाऱ्या त्या माणसावर सारा ठपकाही ठेवीत नाहीं. परंतु नोंद असती तर गाईवर आळ आला नसता.

दुसरी गोष्ट वळूच्या क्रमांकाची. कांडीवर वळूचा क्रमांक, जात व केंद्राची खूण छापलेली असते. काम झालें कीं आपण ती शेणांत फेंकतों. तीन-चार वर्षांनीं त्याच गाईची कालवड माजावर येते. तिला कोणत्या वळूची कांडी द्यावयाची नाहीं, हें मग कोणास ठाऊक? पूर्वीं गांवचा वळू डोळ्यांसमोर असे, व बापाखालीं लेक जाऊं नये म्हणून शहाणे लोक तो बदलीत. आतां एकाच वळूच्या हजारों कांड्या जिल्ह्याभर फिरतात, आणि बाप मात्र अदृश्य झाला आहे.

कांहीं वडील मंडळी म्हणतात, त्यापेक्षां गांवचा वळूच बरा. मला हें पटत नाहीं. सांसर्गिक गर्भपातासारखे रोग अशाच वळूंकडून गोठ्यागोठ्यांतून पसरतात. कांडीचा वळू तपासलेला असतो. शिवाय चांगला खिलार वळू आतां गांवोगांव आहे कोठें ? खिलार, देवणी, डांगी या आपल्या जाती राखण्याचें खात्रीचें साधन हीच टाकी होय. याच टाकींतून परदेशी वीर्य सरसकट घालून आपण त्या मागें लोटल्या, हेंही तितकेंच खरें. दोष टाकीचा नव्हे. “जी असेल ती घाला,” असें दारांत उभें राहून सांगणारे आपणच. ज्याच्या दावणीला जातिवंत खिलार आहे त्यानें खिलारचीच कांडी मागावी, नसेल तर पुढच्या माजापर्यंत थांबावें.

म्हणून माझी संघास विनंती अशी कीं, प्रत्येक गांवीं एक वही असावी. गुरांच्या कानांत सरकारी बारा अंकी बिल्ला असतो, तो सर्व्हे नंबर समजावा. बिल्ला, माजाची तारीख व वेळ, कांडीवरचा क्रमांक, देणाऱ्याची सही, आणि गाभण कीं उलटली, इतके रकाने पुरेत. टाकींतील नायट्रोजनाची पट्टी दर आठवड्यास पाहून तीही लिहावी. कोणी म्हणेल, सरकारी संगणकांत नोंद होतेच. होते, परंतु सातबाऱ्यावरचें चुकलेलें नांव वीस वर्षांनीं कळल्याच्या तक्रारी मीं या हातानें घेतल्या आहेत, आणि तक्रारदारानें मधल्या काळांत एकदांही नक्कल काढलेली नसे.

मी स्वतः रिकामी कांडी वहींतच चिकटवून ठेवितों. ज्या सभासदांस वहीचा नमुना पाहावयाचा असेल त्यांनीं बाजारच्या दिवशीं संघाच्या कचेरींत यावें. दुपारपर्यंत मी तेथेंच बसलेला असतों.