पाहुण्यांना गादी, घरच्या बाईला काय?



डिसेंबर उजाडला की इंदुरीच्या आमच्या घरात एकच विषय निघतो. यंदा किती माणसे येणार आणि झोपणार कुठे? २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला आपल्या हातांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या दिवशी वंदनेला जायचे म्हणून मुंबईची आत्या, सोलापूरकडचे मेहुणे, त्यांची लेकरे अशी मंडळी आदल्या संध्याकाळीच आमच्याकडे उतरतात. काही जण १ जानेवारीपर्यंत थांबतात, कारण चाकण-शिक्रापूर रस्त्याने भीमा कोरेगावला जाणे इथून सोयीचे पडते. शिवाय चाकणच्या कारखान्यांत मुलाखतीला आलेला एखादा भाचा-पुतण्या वर्षभर असतोच. पाहुणे आले की घर भरते, मनही भरते. जागा मात्र दोन खोल्यांचीच राहते.

पूर्वी गोधड्या आणि सतरंज्या पसरल्या की काम भागत असे. आता आलेली माणसे वयाने वाढली, कंबरा दुखू लागल्या. कापसाच्या गाद्या चांगल्याच. पण त्या ठेवायच्या कुठे? म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही हवेची गादी आणली. स्वस्त मिळाली म्हणून मोठी, दोघांची घेतली. २४ डिसेंबरला आत्या, तिची सून आणि नातू अशा तिघांना त्या गादीवर निजवले आणि आम्ही मोठ्या अभिमानाने दिवा मालवला.

पहाटे पाहतो तो गादीचे पोतेरे झालेले आणि तिघेही फरशीवर. आत्या म्हणाली, "बाळा, गादी चांगली आहे रे तुझी. पण रात्री कधी खाली उतरलो ते कळलंच नाही बघ!" सगळे हसले, आम्हीही हसलो. तेवढ्यात थोरली मुलगी म्हणाली, "पप्पा, आत्याआजीची गादी फुटली म्हणून तुम्हाला वाईट वाटतंय. पण आई दोन दिवस मोरीजवळ पोत्यावर झोपतेय, ते तुम्ही पाहिलंत का?"

आम्ही पाहिले नव्हते. मुलांच्या आईने आपली गोधडी पाहुण्यांना दिली होती, उशी मेहुण्यांना दिली होती, आणि सर्वांच्या मागून झोपून सर्वांच्या आधी उठत होती. विचारले तर म्हणाली, "अहो, मला सवय आहे."

मंडळी, 'सवय आहे' हे उत्तर आपण तरी ऐकून घेऊ नये. गावकुसाबाहेर राहण्याचीही आपल्या वाडवडिलांना सवयच होती. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की, एखाद्या समाजाची प्रगती आपण त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो. त्या मापाने आमचे घर त्या रात्री किती भरले असते, ते आम्हीच जाणतो. म्हणून आता आमचा नियम असा की, अंथरुणे मोजताना पहिले घरच्या बाईचे मोजायचे, मग पाहुण्यांचे. दुकानात जाण्याआधी ही मोजणी झाली पाहिजे.

आता गादीविषयी. आमचा अनुभव तुमच्या उपयोगी पडावा म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट मापाची. एकेरी गादी साधारण सव्वातीन फूट रुंद आणि सव्वासहा फूट लांब असते. दुहेरी साडेचार फुटांच्या आसपास रुंद. लहान घरात एका दुहेरीपेक्षा दोन एकेरी बऱ्या. एक बायकांच्या खोलीत, एक पुरुषांच्या खोलीत टाकता येते, आणि एक फुटली तरी दुसरी उरते. खोक्यावर किती किलो वजन चालते ते लिहिलेले असते. ते वाचून घ्यावे. दोघांच्या गादीवर तिघे निजवण्याची आमची चूक तुम्ही करू नका.

दुसरी गोष्ट उंचीची. आठ-दहा इंच उंचीची गादी पुरते. पलंगाएवढी उंच गादी दुकानात ऐटदार दिसते, पण कडेला बसले की ती दबते आणि म्हातारे माणूस घसरते. गुडघे दुखणाऱ्यांना आपली लोखंडी कॉट द्यावी आणि हवेच्या गादीवर तरण्यांनी झोपावे.

तिसरी गोष्ट पंपाची. काही गाद्यांत विजेचा पंप आतच बसवलेला असतो. पण आपल्या मावळात पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. हाताचा किंवा पायाचा साधा पंप असलेली गादी घ्यावी, आणि त्याचे तोंड गादीच्या झडपेला नीट बसते का हे दुकानातच पाहावे. पक्की पावती घ्यावी. माल सदोष निघाला आणि दुकानदार दाद देईना, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पावती नसेल तर आपली बाजू लंगडी पडते.

चौथी गोष्ट थंडीची. डिसेंबरात इंद्रायणीकाठचा गारठा तुम्हाला ठाऊक आहे. हवेच्या गादीत कापूस नसतो, त्यामुळे अंगाची ऊब खालच्या फरशीकडे निघून जाते. पांघरूण कितीही जाड असो, पाठ गारच राहते. म्हणून गादीखाली सतरंजी आणि गादीवर गोधडी घालावी. खालच्या सतरंजीमुळे फरशीवरचे खडेही टोचत नाहीत. आमच्या गादीला भोक पडले ते अशाच एका बारीक खड्याने.

रात्री गादी थोडी मऊ पडली म्हणजे ती फुटलीच असे नव्हे. थंडीने आतली हवा आकसते, आणि नवे प्लास्टिक पहिले काही दिवस ताणतेही. दुपारीच हवा भरून ठेवावी आणि झोपण्याआधी थोडी पुन्हा भरावी. टम्म फुगवू नये, शिवणी उसवतात. तरीही बसतच असेल तर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे येतील तिथे भोक. सायकलच्या ट्यूबचे रबरी ठिगळ या प्लास्टिकवर नीट टिकत नाही, गादीसोबत मिळालेलेच ठिगळ वापरावे. डासांची कॉइल आणि मेणबत्ती गादीपासून लांब ठेवावी. आणि एक महत्त्वाचे. तान्ह्या बाळाला हवेच्या गादीवर कधीही झोपवू नये. मऊ खळग्यात त्याचे तोंड दबून श्वास कोंडू शकतो.

आता हिशेब. समजा, वर्षातून वीस रात्री पाहुणे येतात आणि गादी तीन वर्षे टिकते. म्हणजे साठ रात्री झाल्या. किमतीला साठाने भागा. येणारी रक्कम परवडत असेल तर घ्या. नाही तर गोधडीत काही कमीपणा नाही. पण पाहुण्यांपुढे मोठेपणा दाखवायला हप्त्यावर गादी आणू नका.

पुष्कळदा वर्षावासात एखाद्या उपासिका पौर्णिमेला अष्टशील पाळतात. त्यातले एक शील उंच आणि ऐषारामी शय्येपासून दूर राहण्याचे आहे. त्यांनी गादी नाकारली तर आपला अपमान मानू नये, चटई द्यावी. आपल्याच तालुक्यातल्या भाजे लेण्यांत भिक्खूंच्या खोल्या पाहा. दोन हजार वर्षांपूर्वी खडकात कोरलेले त्यांचे ओटे आजही तसेच आहेत. त्यावरच ते निजत. अंथरूण साधे असण्यात लाज नाही. माणसाला जागाच न देण्यात लाज आहे.

हे आम्ही उगाच म्हणत नाही. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना कोणी राहायला जागा देईना. पारशी नाव लावून ते एका पारशी सरायमध्ये राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर काढले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी हे स्वतः लिहिले आहे. आज आपल्या दारी येणाऱ्या माणसाला आपण निर्धास्त झोप देऊ शकतो, ही गोष्ट म्हणूनच लहान नाही.

पाहुण्यांनाही दोन शब्द. विहारातले अंथरूण पसरून, ते न आवरता वा कोणाला न सांगता भिक्खू निघून गेला, तर विनयात तो दोष मानला आहे. भिक्खूंना जो नियम, तो आपल्याला नको का? सकाळी उठल्यावर आपली गादी आपण रिकामी करावी, पुसावी, घडी घालावी. हे काम घरातल्या सुनेवर टाकू नये. पुरुषांनी तर मुळीच नाही.

शेवटी एक सूचना. प्रत्येक घराने गादी घेण्याची गरज नाही. विहाराच्या महिला मंडळाने किंवा बचत गटाने चार-पाच गाद्या आणि एक पंप घ्यावा, एका वहीत नोंद ठेवावी, आणि ज्याच्या घरी पाहुणे येतील त्याने न्याव्यात, धुऊन-पुसून परत द्याव्यात. वही लिहायला आम्ही तयार आहोत. आयुष्यभर तेच केले आहे.

गेल्या २४ डिसेंबरला आमच्याकडे नऊ माणसे होती. आत्या कॉटवर, तरणी पोरे दोन एकेरी गाद्यांवर, बाकीचे गोधड्यांवर. मुलांच्या आईचे अंथरूण मुलीने सर्वांत आधी घातले. सकाळी सहाला आम्ही उठून चहा ठेवला. ती अजून झोपली होती.

जय भीम, नमो बुद्धाय.