चुकलेल्या तारखेला धनी कोण?

१७ ऑक्टोबर २०२५ ला नाशिकजवळच्या ओझरमधून तेजस मार्क-१ए हे लढाऊ विमान आकाशात झेपावलं. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह जातीनं हजर होते. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या, म्हणजे एचएएलच्या, कारखान्यात तेजस बांधणाऱ्या तिसऱ्या लाइनचं उद्घाटन झालं. महाराष्ट्रात बांधलेलं लढाऊ विमान! अभिमान वाटायलाच हवा आणि मला तो वाटला. पण याच वाणाचं पहिलं विमान हवाई दलाच्या हाती कधी पडायचं होतं, आठवतं का? मार्च २०२४ मध्ये. आणि सोहळ्याच्या त्या दिवशी हवाई दलाकडे मार्क-१ए किती होती? शून्य. दीड वर्षाची थकबाकी डोक्यावर घेऊन उत्सव साजरा करायला कातडी किती जाड लागत असेल?

दीड वर्ष ही तर या घराण्यातली सर्वांत किरकोळ चूक आहे. हलक्या लढाऊ विमानाला सरकारनं मंजुरी दिली १९८३ मध्ये. ते घडवण्यासाठी एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सी स्थापन झाली १९८४ मध्ये. १९८५ मध्ये हवाई दलानं आपली गरज लेखी मांडली: २२० विमानं हवीत, २०० लढाऊ आणि २० प्रशिक्षणाची, आणि ती १९९४ पासून ताफ्यात यायला हवीत. प्रत्यक्षात काय घडलं? पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१ ला. पहिली तुकडी १ जुलै २०१६ ला, तीही अवघ्या दोन विमानांची! लढाईसाठी पूर्ण सज्ज असल्याचा अंतिम दाखला फेब्रुवारी २०१९ मध्ये. आमचा वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला, तेव्हा हे विमान कागदावर पंधरा वर्षांचं झालं होतं आणि जमिनीवरून एक इंचही उठलं नव्हतं.

आता समर्थकांची फौज पुढे येते. तिचं पहिलं अस्त्र: ‘१९८३ धरूच नका, पूर्ण विकासाला पैसा मिळाला १९९३ मध्ये.’ बरं, धरत नाही. १९९३ ते २०१९ किती झाले? सव्वीस! सव्वीस वर्षं हा काय बचाव आहे? ही तर कबुली झाली.

दुसरं अस्त्र: ‘१९९८ च्या अणुचाचणीनंतर अमेरिकेनं निर्बंध घातले.’ खरं आहे. उड्डाण-नियंत्रण प्रणालीवर अमेरिकेत काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांना परत पाठवलं गेलं, साहित्य अडकवलं गेलं. मग त्या अभियंत्यांनी बंगळुरूत बसून ती प्रणाली स्वतः पूर्ण केली आणि तीन वर्षांच्या आत विमान उडवलं. त्या माणसांना माझा साष्टांग दंडवत. पण निर्बंधांचा हिशेब तिथेच संपतो, हे समर्थकांनी समजून घ्यावं. उरलेली दोन-अडीच दशकं बिल क्लिंटन यांच्या नावावर टाकता येणार नाहीत.

तिसरं अस्त्र सर्वांत वजनदार: ‘लढाऊ विमान बांधणं म्हणजे खेळ नव्हे, सगळ्या जगाला वेळ लागतो.’ असं का? स्वीडनच्या संसदेनं ग्रिपेन विमानाला मंजुरी दिली १९८२ मध्ये, आपल्या आधी अवघं एक वर्ष. ते उडालं १९८८ मध्ये आणि हवाई दलात दाखल झालं १९९६ मध्ये. एक कोटीच्या आसपास लोकसंख्येचा देश! त्यात इंजिनही अमेरिकी एफ-४०४ वरूनच बेतलेलं, म्हणजे तेजसच्याच गोतावळ्यातलं. दक्षिण कोरियाचं केएफ-२१ तर विकासाचं काम सुरू झाल्यापासून सात वर्षांत, २०२२ मध्ये, आकाशात गेलं.

‘स्वीडनकडे परंपरा होती,’ असं एखादा विद्वान म्हणेल. होती ना. आपल्याकडेही होती, आपणच ती मोडीत काढली! जर्मन अभियंता कुर्ट टँक यांना बोलावून आपण १९५६ मध्ये एचएफ-२४ मरुत विमानाचं काम सुरू केलं आणि १७ जून १९६१ ला ते उडवलं. पाच वर्षांत! स्वातंत्र्याला चौदा वर्षं झालेला गरीब देश स्वतःचं जेट लढाऊ विमान उडवत होता. १९७१ च्या युद्धात हे विमान राजस्थानच्या आघाडीवर लढलं. मग घोडं कुठे अडलं? इंजिनावर. मरुतला साजेसं ताकदवान इंजिन विकसित करण्याचा खर्च उचलायला सरकार तयार झालं नाही. चांगला सांगाडा अशक्त इंजिनावर रखडला, १४७ विमानांवर गाशा गुंडाळला गेला आणि ती घडवणारे हात पांगले. पुढचं स्वदेशी विमान करायची आठवण झाली, तेव्हा सगळं पुन्हा बाराखडीपासून गिरवावं लागलं.

एवढी महाग शिकवणी लावून आपण काय शिकलो? काहीच नाही. तेजससाठी कावेरी इंजिनाचा प्रकल्प १९८० च्या दशकात हाती घेतला आणि २००८ मध्ये तो तेजसपासून सोडवून बाजूला ठेवला. मग जनरल इलेक्ट्रिकचं एफ-४०४ कायमचं गळ्यात पडलं. आज एचएएलची सर्वांत लाडकी सबब हीच: ‘आम्ही तयार आहोत हो, इंजिनं अमेरिकेतून येत नाहीत.’

ही सबब जरा उलगडून बघू, कारण सगळा बनाव इथेच उघडा पडतो. हे इंजिन बनवणारी लाइन आपल्या आधीच्या मागणीची शेवटची इंजिनं देऊन २०१६ च्या सुमारास थंडावली होती, कारण पुढची मागणी नव्हती. मागणी काहून नव्हती? कारण हवाई दलानं २००६ मध्ये २० विमानं मागितली, २०१० मध्ये आणखी २०, आणि नंतर थेट २०२१ मध्ये ८३. दहा-अकरा वर्षं संरक्षण मंत्रालय, हवाई दल आणि एचएएल फायली एकमेकांकडे सरकवत बसले. मग ऑगस्ट २०२१ मध्ये ९९ इंजिनांची मागणी गेली. निजलेली लाइन जागी करायची, सुट्या भागांचे पुरवठादार पुन्हा गोळा करायचे, यात अमेरिकी कंपनीनंही भरपूर वेळ खाल्ला आणि पहिलं इंजिन आलं मार्च २०२५ मध्ये. कंपनीचा दोष आहेच. पण लाइन थंड पडेपर्यंत झोपा कोणी काढल्या? मागणीच थेंबाथेंबानं दिली, तर पुरवठा धो-धो येईल कुठून?

ओझरचाही हिशेब मांडतो. हा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ बांधण्यासाठी उभा राहिला. नाशिककर आजही त्याला ‘मिग’च म्हणतात. इथल्या कामगारांनी मिग बांधली, पुढे २२२ सुखोई-३० एमकेआय बांधली. हात तयार, शेड तयार, धावपट्टी तयार. सुखोईचं मोठं काम संपत आलेलं सगळ्यांना दिसत होतं. तेजस बंगळुरूत वर्षाला आठ-सोळा विमानांच्या गतीनं रांगतंय, हेही दिसत होतं. मग ती लाइन ओझरला पाच-सात वर्षं आधी का सुरू झाली नाही? या प्रश्नाला तंत्रज्ञानाचं कारण देता येत नाही, निर्बंधांचंही नाही. हा निव्वळ निर्णयाचा दुष्काळ आहे आणि तो दिल्लीत पडला होता.

हवाई दलही या पंगतीत जेवायलाच बसलं होतं, वाढायला नव्हे. विमान घडत असताना शस्त्रं बदलून मागायची, नव्या अपेक्षा जोडायच्या आणि मग उशीर झाला म्हणून बोटं मोडायची! परदेशी खरेदीत तरी यांनी काय दिवे लावले? १२६ विमानांची गरज २००१ च्या सुमारास पुढे आली, निविदा २००७ मध्ये निघाली, राफेलची निवड २०१२ मध्ये झाली आणि २०१५ मध्ये तो सगळा व्यवहार गुंडाळला गेला. शेवटी २०१६ मध्ये ३६ विमानं घेतली. स्वदेशी बांधायला वेळ लागतो म्हणून विदेशी घ्यायची, तर तीही वेळेत घेता येत नाहीत. म्हणजे खोट विमानात नाही, ठरवणाऱ्यांत आहे.

या दिरंगाईची किंमत रुपयांत मोजणाऱ्यांचा मला राग येतो, कारण ती आधी माणसांत मोजावी लागते. तेजस यायचं होतं मिग-२१ च्या जागी. ते आलं नाही, म्हणून मिग-२१ ला मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत गेली आणि १९६३ मध्ये आलेलं विमान २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडमध्ये निवृत्त झालं. मे २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलं होतं की, ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली आणि १७१ वैमानिक मृत्युमुखी पडले. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ २००१ मध्ये राजस्थानात मिग-२१ च्या अपघातात गेले. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी ‘चूक वैमानिकाची’ हे पालुपद मान्य केलं नाही आणि वर्षानुवर्षं व्यवस्थेशी झुंज दिली. १९९४ ची तारीख पाळली असती, तर २००१ पर्यंत मिग-२१ निवृत्तीच्या वाटेला लागली असती. त्या तारखेचे धनी असलेल्यांपैकी किती जणांनी त्या माऊलीपुढे उभं राहून मान खाली घातली?

मिग गेली, तेव्हा हवाई दलाच्या लढाऊ तुकड्या उरल्या २९. मंजूर आहेत ४२. एका बाजूला चीन, दुसऱ्या बाजूला पाकिस्तान, आणि मधे तेरा तुकड्यांचं खिंडार.

आता मला सगळ्यात जास्त चीड आणणारी गोष्ट सांगतो. २०१८ मध्ये नीती आयोगानं आमच्या वाशिमला ‘आकांक्षित जिल्हा’ ठरवलं. तेव्हापासून आमच्या बाळंतिणी, कुपोषित मुलं, शाळा, पाणी, शेती, सगळं ४९ निकषांवर मोजलं जातं आणि देशापुढे आमची क्रमवारी लावली जाते. लावा, खुशाल लावा. मागास आहोत, तर मोजमाप व्हायलाच हवं. पण मग ज्या संस्थांनी दशकांमागून दशकं तारखा बुडवल्या, त्यांची मासिक क्रमवारी कुठे आहे? कारंज्याच्या आरोग्य केंद्रातलं लसीकरण दिल्लीला दिसतं आणि बंगळुरूतलं रखडलेलं विमान दिसत नाही? उलट काय झालं, तर पहिलं मार्क-१ए देण्याची तारीख मार्च २०२४ मध्ये हुकली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात एचएएलला ‘महारत्न’ किताब मिळाला. तारीख बुडवा, किताब मिळवा! ही उफराटी न्यायव्यवस्था कोणत्या स्मृतिग्रंथातून काढली?

आमच्या वाशिमच्या रिसोड-मालेगावकडच्या शेतकऱ्याची सोयाबीनची पेरणी पंधरवडाभर हुकली, तर त्याचं उत्पन्न घटतं. पण पीककर्जाची तारीख कोणी पुढे ढकलत नाही, व्याज मुकाट्यानं चढत राहतं. त्याच्या तारखेला किंमत आहे. तेजसच्या तारखेला कुणाच्याच लेखी किंमत नाही, म्हणूनच ती चुकते. माझं म्हणणं एवढंच आणि नेमकं एवढंच आहे.

हे मी एकटा म्हणत नाही. हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल ए. पी. सिंग यांनी २०२५ च्या फेब्रुवारीत एचएएलवर आपला विश्वास उरला नसल्याचं एचएएलच्याच अधिकाऱ्यांना तोंडावर सांगितलं. मे महिन्यात ते जाहीर बोलले की, वेळेत पूर्ण झालेला एकही प्रकल्प त्यांना आठवत नाही, आणि करारावर सही करतानाच अनेकदा ठाऊक असतं की हे वेळेत येणार नाही. वाचा पुन्हा! सही करतानाच ठाऊक असतं. ही दिरंगाई राहिली नाही, ही ठरवून केलेली फसवणूक झाली, आणि फसवलं जातंय ते तुम्हाला-मला आणि त्या कॉकपिटमध्ये बसणाऱ्या पोराला.

‘स्वदेशीवर टीका म्हणजे शत्रूला मदत,’ असं म्हणणारे देशभक्त आता सरसावतील. त्यांना माझं रोखठोक उत्तर: स्वदेशी विमान मला तुमच्याइतकंच हवंय, तुमच्यापेक्षा लवकर हवंय, आणि भरपूर हवंय. तेजस हलकं, चपळ, कामाचं विमान आहे. त्याची बदनामी मी करत नाही. चाळीस वर्षं त्याला वेठीला धरणाऱ्यांनी ती केली आहे.

मिग-२१ ला निरोप देण्याच्या आदल्या दिवशी, २५ सप्टेंबर २०२५ ला, आणखी ९७ तेजसचा करार झाला, ६२,३७० कोटी रुपयांचा. ही विमानं २०२७-२८ पासून यायची आहेत आणि सहा वर्षांत सगळी द्यायची आहेत. आधीची ८३ धरून एकशे ऐंशी. बंगळुरू आणि ओझर मिळून वर्षाला २४ विमानं काढण्याची भाषा आहे. छान. मग दर तीन महिन्यांनी किती बांधली, किती दिली, किती अडली आणि कुणामुळे अडली, हे संसदेच्या पटलावर ठेवा. प्रत्येक टप्प्यावर एका जबाबदार अधिकाऱ्याचं नाव लिहा. तारीख चुकली तर त्याची बढती थांबवा, कंपनीचा दंड करदात्याच्या खिशातून पुन्हा भरून देऊ नका. स्वदेशी इंजिनाला लागेल तेवढा पैसा एकदाच द्या आणि तो मधेच काढून घेऊ नका.

वाचकहो, २०२७-२८ हा आकडा घरातल्या दिनदर्शिकेच्या पाठीवर लिहून ठेवा. आपले खासदार मतं मागायला येतील, तेव्हा रस्ते-पाण्याच्या प्रश्नांसोबत हाही विचारा: विमानं आली का, किती आली, आणि नाही आली तर कुणाला घरी पाठवलं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एखादं नाव असेल, तेव्हाच पुढची तारीख चुकणार नाही.