शहराची वेस आणि बंदुकीचा बार

पुणे महानगरपालिकेची वेस 2021 साली 23 गावे पोटात घेऊन खडकवासल्याच्या पाण्यापर्यंत येऊन ठेपली, आणि 2015 साली स्थापन झालेल्या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या नकाशात तर भोर व वेल्हे (म्हणजे आताचा राजगड) या तालुक्यांचा काही मुलूख त्याआधीच सामील झाला होता. त्यामुळे पानशेतच्या वाटेवर आणि भाटघरच्या काठाकाठाने, ज्या उतारांवर पूर्वी रात्री भेकराच्या भुंकण्याखेरीज दुसरा आवाज नसे, तेथे आता बंगल्यांचे दिवे लागू लागले आहेत. अशा ठिकाणी शेजारच्या भातखाचरातून बंदुकीचा बार ऐकून दचकलेल्या मंडळींनी शहराच्या हद्दीपुरता शिकारबंदीचा वेगळा नियम मागावा, हे स्वाभाविक म्हटले पाहिजे.

तथापि वनरक्षकापासून उपवनसंरक्षकापर्यंत आपणा सर्वांस ठाऊक आहे की नियम आहेच, आणि तो वेशीच्या आतबाहेर असा भेद मुळी जाणत नाही. भोर संस्थान 8 मार्च 1948 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाल्यानंतरच्या काळात, 1951 च्या मुंबई कायद्यापासून 1972 च्या केंद्रीय वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या दोन दशकांपर्यंत, परवाना काढून मृगया करण्याची सोय या ना त्या रूपाने टिकून होती. ती 1991 च्या दुरुस्तीने संपुष्टात आली. ‘शिकार’ या संज्ञेत त्या कायद्याने केवळ वधच नव्हे, तर विष घालणे, फास लावणे, हाकारा करणे, आमिष ठेवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, हे सारे अंतर्भूत केले आहे; म्हणजे क्लचच्या तारेचा फास खुंटीला बांधला गेला की त्यात काही सापडो वा न सापडो, गुन्हा घडला. हा फास रानडुकरासाठी लावलेला असतो आणि त्यात बिबट्या अडकतो, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्यास आलेला असेल.

मग बार कोण काढतो? कार्तिकात इंद्रायणी वा आंबेमोहोर भात कापणीस आला असता माळ्यावर बसून राखण करणारा शेतकरी डबे वाजवून थकतो, आणि त्याच्याजवळ पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक असली तर तिचा मोह त्यास पडतो. येथेच एक जुना गैरसमज आडवा येतो. बंदूक बाळगण्याचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीतून मिळतो, परंतु तो जनावर मारण्याची मुभा देत नाही. ती वन्यजीव कायद्याच्या कलम 11 खाली आपल्या खात्याच्या लेखी आदेशानेच मिळते, आणि मारलेले डुक्कर शेतकऱ्याचे नव्हे, सरकारचे ठरते. हे समजावून सांगण्यास आपण कमी पडतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. गावच्या चावडीवर हे तीन वाक्यांत सांगता येते, पण आपण तेथे बहुधा जातो ते पंचनाम्यास किंवा अटकेस.

याहून मोठी उणीव आदेशाच्या कागदातच आहे. जनावर कोणते, नुकसान किती, मुदत कोणती, याची चौकशी आपण करतो. पण गोळी चुकली तर ती कोठे जाऊन थांबेल, हा प्रश्न डोंगरउतारावर एकही घर नव्हते तेव्हा कोणी विचारला नाही आणि आजही त्यास कागदावर रकाना नाही. बारा बोरच्या एकगोळी काडतुसातली गोळी डुकरास लागली नाही तर शेकडो मीटर पुढे जाते, दगडावर आपटून दिशाही बदलते, आणि बांधापलीकडे जेथे करवंदीची जाळी होती तेथे आता एखाद्याची झोपण्याची खोली असू शकते. वस्तीतच मारण्याची मुभा दिल्याचा दाखलाही आहे: शिमला नगराच्या हद्दीत 2016 साली माकडांस उपद्रवी ठरवून मारण्याची मोकळीक दिली गेली, तेव्हाही माणसे बंदुका घेऊन पुढे आली नाहीत ती श्रद्धेमुळे. आपल्याकडे डुकरास ते कवच नाही.

म्हणून आमची सूचना अशी की आदेश देण्यापूर्वी वनपालाने शेतावर दिवसा उभे राहून बाराची दिशा ठरवावी, पाठीमागे मातीचा चढ वा ताल असल्याची खात्री करून ती नकाशासह कागदावर उतरवावी, आणि असा आडोसा नसेल तेथे बंदुकीची अनुज्ञा न देता नुकसानभरपाईचे प्रकरण त्याच दिवशी दाखल करून घ्यावे. नकाशाची एक प्रत पोलीस पाटलाकडे राहावी, म्हणजे रात्री बार झालाच तर तो आदेशातला की चोरटा, हे उजाडण्याची वाट न पाहता कळेल. भरपाई रखडली तर मात्र शेतकरी बंदूक ठेवून कुंपणात वीज सोडील, आणि ती डुक्कर, बैल वा पहाटे पाणी सोडण्यास निघालेला माणूस यांत फरक करीत नाही. त्या तारेचा शोध घेण्यासाठी महावितरणच्या स्थानिक तंत्रज्ञास गस्तीत बरोबर घेण्याचा शिरस्ता भोर आणि वेल्हे या दोन्ही परिक्षेत्रांत या कापणीपूर्वीच सुरू व्हावा.