विश्लेषण : शाळकरी प्रेमकथा प्लास्टिकच्या वेष्टनात कशासाठी?

दोन शाळकरी मुलग्यांच्या प्रेमाची चित्रकादंबरी वेष्टनाविना आणि किशोर साहित्याच्या कपाटात ठेवून विकली, म्हणून हंगेरीतील ‘लिरा’ या मोठ्या पुस्तकविक्रेत्या साखळीला जुलै २०२३ मध्ये १ कोटी २० लाख फोरिंट दंड झाला. पुस्तक होते ‘हार्टस्टॉपर’. पुढे न्यायालयात दंड रद्द झाला, पण ज्या कायद्यामुळे तो झाला त्याला या निकालाने धक्का लागला नाही.

पुस्तकात आहे तरी काय?

ब्रिटनच्या ॲलिस ओझमन यांची ही मालिका. नेटफ्लिक्सवर २०२२ मध्ये आल्यापासून ती भारतातही माहितीची झाली. चार्ली आणि निक एका वर्गात शेजारी बसतात, मैत्री होते, मग प्रेम. हातात हात, चुंबन, घरी सांगायचे कसे याची धाकधूक, शाळेतला छळ. दंड झाला तेव्हा प्रसिद्ध झालेल्या भागांत शरीरसंबंधांचे उघड चित्रण नव्हते. मुलगा-मुलीची हीच गोष्ट कोणी वेष्टनात बांधली नसती.

कायदा काय सांगतो?

व्हिक्टर ओर्बान यांच्या सरकारने जून २०२१ मध्ये बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांविरोधात कायदा आणला. त्यातच १८ वर्षांखालील मुलांपर्यंत समलैंगिकतेचे ‘चित्रण वा प्रचार’ पोहोचवण्यास बंदी घालणारी तरतूद जोडली. गोम या ‘वा’मध्ये आहे. प्रचार सिद्ध करावा लागतो. चित्रण तर कोणत्याही कथेत असतेच. त्याच वर्षीच्या नियमांनुसार अशी मुलांची पुस्तके बंद वेष्टनात, इतरांपासून वेगळी ठेवावी लागतात. शाळा किंवा चर्चपासून २०० मीटरच्या आत तर ती विकताच येत नाहीत.

विसंगती अशी, की हंगेरीत संमतीचे वय १४ आहे. म्हणजे १५ वर्षांच्या मुलाला प्रेम करायला कायद्याची आडकाठी नाही; त्याबद्दलची गोष्ट मात्र त्याच्या हाती सहज पडता कामा नये.

वेष्टनाने खरेच फरक पडतो?

पडतो. असे पुस्तक काउंटरवर मागण्याची हिंमत सोळाव्या वर्षी सगळ्यांत नसते. बरेच जण कपाटाशी उभे राहून चार पाने चाळतात, ठेवून देतात, आठवड्याने पुन्हा येतात. वेष्टन नेमके हे चाळणेच बंद करते. विकत घ्यायचे तर घ्या, पण गल्ल्यावर सगळ्यांदेखत. विक्रेत्यापुढचा पेच वेगळाच : कोणते पुस्तक नियमात बसते हे ठरवायचे त्यानेच, आणि चुकले तर दंडही त्यालाच. अशा वेळी पुस्तक मागवूच नये, हा हिशेब कोणीही करेल.

न्यायालये काय म्हणतात?

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात हा प्रश्न आधीच येऊन गेला. नॅन्सी गार्डन यांची ‘ॲनी ऑन माय माइंड’ (१९८२) ही दोन मुलींच्या प्रेमाची कादंबरी. १९९३ मध्ये कॅन्सस सिटीत तिची प्रत जाळली गेली आणि ओलेथच्या शाळांनी ती ग्रंथालयांतून काढली. विद्यार्थी व पालक न्यायालयात गेले. १९९५ मध्ये संघराज्य न्यायालयाने ती परत ठेवायला लावली. पुस्तक मुलांना अयोग्य म्हणून नव्हे, तर त्यातला विचार मंडळाच्या सदस्यांना पटला नाही म्हणून काढले गेले, असा त्या निकालाचा आधार होता.

बुडापेस्टच्या न्यायालयाने इतक्या खोलात जाण्याचे टाळले. २०२४ मध्ये ‘लिरा’चा दंड रद्द झाला तो व्याकरणामुळे! नियमाच्या वाक्यात एक स्वल्पविराम नव्हता, त्यामुळे वेष्टनाच्या अटीचा सरकारला हवा तो अर्थ निघत नव्हता. पुस्तकाने मुलांचे काही बिघडते का, या प्रश्नाला त्यात उत्तर नव्हते.

ते उत्तर युरोपीय न्यायालयासमोरच्या खटल्यात शोधले गेले. युरोपीय आयोगाने हंगेरीला तेथे खेचले. जून २०२५ मध्ये न्यायालयाच्या महाधिवक्त्यांनी मत दिले, की समलिंगी व्यक्तींच्या साध्या जगण्याचे चित्रण मुलांना अपायकारक असल्याचा कोणताही पुरावा हंगेरीने दिलेला नाही आणि हा कायदा युरोपीय संघाच्या मूलभूत मूल्यांशी विसंगत आहे. महाधिवक्त्यांचे मत न्यायाधीशांवर बंधनकारक नसते.